मुलाची कावीळ उतरते आणि पुन्हा येते? माळ घालण्याआधी लिव्हरची तपासणी करून घ्या

पनवेल (प्रतिनिधी) : पावसाळा लागला की गावागावांत, वाड्या-पाड्यांवर कावीळ ऐकू यायला लागते. गढूळ पाणी पिण्यात येतं, मुलाचं जेवण तुटतं, उलट्या होतात आणि चार-आठ दिवसांत डोळे पिवळे दिसतात. यातली बहुतेक मुलं काही आठवड्यांत बरी होतात आणि पुन्हा शाळेत जायला लागतात. त्यामुळे कावीळ म्हणजे पथ्य पाळलं की जाणारा आजार, असं घरोघरी पक्कं बसलं आहे.

पण थोड्या मुलांची कावीळ तशी नसते. ती लांबते, किंवा जाते आणि दोन-तीन महिन्यांनी परत येते. पाण्यातून आलेल्या विषाणूची ही कावीळ नसते, तर मुलाच्या शरीरातली रोगाशी लढणारी ताकदच त्याच्या लिव्हरवर उलटलेली असते. डॉक्टर याला ऑटोइम्यून हिपॅटायटीस म्हणतात. आजार तसा क्वचित होतो. पण वेळेवर कळला तर बहुतेक मुलांत गोळ्यांवर आटोक्यात येतो, आणि उशीर झाला तर लिव्हर कायमचं खराब होतं. म्हणून त्याची ओळख गावातल्या आई-वडिलांना असायला हवी.

कुंपणच शेत खातं तेव्हा

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी राखणदारासारख्या असतात. बाहेरून जंतू आला की त्याला ओळखायचं आणि मारायचं, हे त्यांचं काम. काही मुलांत ही ओळख चुकते आणि पेशी स्वतःच्याच अवयवाला परका समजतात. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, तसला हा प्रकार. सांध्यांवर हल्ला झाला तर लहान मुलांचा संधिवात होतो. इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवर झाला तर टाइप १ मधुमेह होतो. आतड्यावर झाला तर पोटाचे आजार आणि लिव्हरवर झाला तर ऑटोइम्यून हिपॅटायटीस.

लिव्हरचा हा आजार मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त दिसतो. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला साधारण वयात येताना दिसतो, दुसरा त्याहून लहान मुलांत, अगदी तान्ह्या वयातही होऊ शकतो. अनेकदा त्याच घरात कुणाला थायरॉईड, कोड, संधिवात किंवा टाइप १ मधुमेह असतो. त्यामुळे डॉक्टरांनी घरातल्या आजारांची चौकशी केली तर काही लपवू नये.

लिव्हर बिघडलं म्हटलं की गावात पहिला विचार दारूचा येतो. या आजाराचा दारूशी संबंध नाही. आईने गरोदरपणात काही खाल्लं म्हणून किंवा कुणाची नजर लागली म्हणूनही तो होत नाही. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने दुसऱ्या मुलाला होत नाही, त्यामुळे मुलाला घरात वेगळं बसवण्याचं किंवा शाळेतून काढण्याचं कारण नाही.

साधी कावीळ आणि ही कावीळ

अडचण अशी की सुरुवातीला दोन्ही सारख्याच दिसतात. या आजाराच्या जवळपास निम्म्या मुलांत सुरुवात अगदी साध्या काविळीसारखी होते : थकवा, मळमळ, पोटात दुखणं, पिवळे डोळे, चहाच्या रंगाची लघवी. डोळ्यांनी पाहून फरक कळत नाही. दिवस मोजले तर मात्र अंदाज येतो.

पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटीस ए ची कावीळ साधारण काही आठवड्यांत उतरते. हिपॅटायटीस ए एकदा होऊन गेला की शरीर त्याला ओळखायला शिकतं आणि तो सहसा आयुष्यात पुन्हा होत नाही. म्हणून मुलाला दुसऱ्यांदा कावीळ झाली तर कारण वेगळं असू शकतं. काही मुलांत पहिलीच कावीळ थोड्या आठवड्यांत उलटते, तर कधी हिपॅटायटीस ई सारखा दुसरा विषाणू असतो. पण यातलं नेमकं काय, हे रक्त तपासूनच ठरतं.

पुढच्यापैकी एक जरी गोष्ट दिसली तर मुलाला डॉक्टरांकडे न्या आणि लिव्हरची पूर्ण तपासणी करायला सांगा :

- कावीळ महिनाभरानंतरही पूर्ण उतरलेली नाही.
- एकदा उतरून पुन्हा आली आहे.
- कावीळ गेली, पण थकवा गेला नाही. मूल खेळत नाही, वजन घटतंय, उंची वाढत नाही.
- पोट मोठं दिसतंय, डाव्या बाजूला बरगडीखाली गाठीसारखं लागतंय (ही वाढलेली प्लीहा असू शकते), पायांवर सूज आहे.
- नाकातून किंवा हिरड्यांतून वारंवार रक्त येतं, थोडं लागलं तरी काळं-निळं पडतं.
- वयात आलेल्या मुलीची पाळी सुरू होऊन मध्येच बंद झाली आहे आणि सोबत थकवा आहे.
- काविळीसोबत सांधे दुखतात, अंगावर पुरळ आहे, किंवा मुलाला आधीपासून मधुमेह, थायरॉईड असा आजार आहे.

काही मुलांत कावीळ कधी दिसतच नाही. महिनोन् महिने नुसती मरगळ असते आणि आजार आतल्या आत वाढत राहतो. आजार सापडतो तोपर्यंत बऱ्याच मुलांच्या लिव्हरवर कायमचे व्रण पडलेले असतात. याला सिरोसिस म्हणतात.

माळ, थेंब आणि पिवळं पाणी

कोकणात कावीळ उतरवण्याच्या अनेक पद्धती आहेत. कुणी गळ्यात वनस्पतीच्या काड्यांची माळ घालतो. माळ लांब होत गेली की कावीळ उतरतेय असं मानतात. काड्या ओल्या असताना दोरा घट्ट बांधलेला असतो. त्या सुकून बारीक झाल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. ही माळ कावीळ नसलेल्या माणसाच्या गळ्यातही लांबेल.

कुणी नाकात देवडांगरीचा रस टाकतो. नाकातून पिवळं पाणी वाहतं आणि कावीळ बाहेर पडली असं वाटतं. खरं तर त्या कडू, जहाल रसाने नाकाची आतली त्वचा भाजल्यासारखी होते आणि पाणी सुटतं. लहान मुलांत याने नाकातून रक्त येऊ शकतं, सूज येऊ शकते. कुणी हात धुवून पाणी पिवळं करून दाखवतो. हाताला आधीच आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो आणि पाण्यात चुना असतो. दोन्ही एकत्र आले की पाणी पिवळं होतं. काविळीचा पिवळेपणा रक्तातल्या बिलिरुबिनमुळे असतो आणि तो हात धुऊन निघत नाही.

मग एवढ्या लोकांना गुण येतो कसा? साधी कावीळ आपली आपणच उतरते. त्याच दिवसांत माळ घातलेली असते, म्हणून श्रेय माळेला जातं. आजीने सांगितलं ते खोट्या मनाने सांगितलेलं नसतं, तिने दहा मुलं बरी झालेली पाहिलेली असतात. पण अकराव्या मुलाचा आजार वेगळा असेल तर त्याचे हातचे दोन-तीन महिने जातात. आणि ऑटोइम्यून आजारही मध्ये थोडे दिवस आपोआप कमी होतो. तेव्हा घरात उतारा लागू पडला असं वाटतं, आणि आत लिव्हर झिजत राहतं.

डाग देणं तर पूर्ण थांबवायला हवं. चटक्याने लिव्हरला काही फायदा होत नाही, उलट जखम चिघळते. काविळीत तेल, हळद, डाळ सगळं बंद करून मुलाला नुसत्या उसाच्या रसावर ठेवणंही चुकीचं आहे. आजारी लिव्हरला अन्नाची गरज असते. भात, वरण, भाजी, अंडं, पचेल तसं घरचं जेवण द्यावं. रस्त्यावरच्या रसातला बर्फ आणि पाणी खराब असेल तर त्यातूनच आणखी एखादा संसर्ग व्हायचा.

तपासणी कोणती होते

पहिली तपासणी साधी आहे. लिव्हर फंक्शन टेस्ट, म्हणजे एलएफटी. त्यात बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्रोटीन पाहतात. सोबत पीटी-आयएनआर करतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते त्यातून कळतं, आणि लिव्हर किती काम करतंय याचा अंदाज येतो. फक्त बिलिरुबिन कमी झालं म्हणून समाधान मानू नये, एसजीपीटीसुद्धा खाली आलं का ते विचारावं.

त्यानंतर हिपॅटायटीस ए, ई, बी, सी नाहीत ना, ते पाहतात. विल्सन नावाचा एक आनुवंशिक आजार आहे, त्यात लिव्हरमध्ये तांबं साठतं. तोही असाच दिसतो आणि त्याचं औषध वेगळं आहे, म्हणून त्याची तपासणी होते. मग एएनए, एसएमए, एलकेएम आणि आयजीजी या रक्ततपासण्या असतात. स्वतःच्या शरीराविरुद्ध लढणारे घटक रक्तात आहेत का, ते यातून कळतं. शेवटी सुईने लिव्हरचा अगदी लहान तुकडा काढून पाहतात, याला बायोप्सी म्हणतात. नाव ऐकून घरचे घाबरतात, बायोप्सी म्हणजे कॅन्सर असं समजतात. इथे ती लिव्हरला किती सूज आणि किती व्रण आहेत हे पाहण्यासाठी असते.

डॉक्टरांकडे जाताना मुलाने घेतलेली सगळी औषधं दाखवा. झाडपाल्याची पुडी, काढा, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, सगळं. काही औषधांनी लिव्हरला सूज येते आणि ती याच आजारासारखी दिसते.

गोळी गुण देते, पण मध्येच सोडली तर घात करते

या आजारावर औषध आहे, आणि ते महागडं इंजेक्शन नाही. प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी आणि तिच्यासोबत अझाथायोप्रिन, हा उपचार जगभर चालतो. १९७१ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या डॉ. शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्टिरॉइड घेतलेल्या २२ जणांपैकी ३ दगावले होते, न घेतलेल्या २७ पैकी १५. तेव्हापासून हा उपचार पक्का झाला. आज वेळेवर सुरू केला तर बहुतेक मुलांची सूज उतरते.

स्टिरॉइडचं नाव ऐकून पालक बिचकतात, आणि ती भीती अगदीच निराधार नाही. चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, भूक वाढते, वजन वाढतं, चिडचिड होते. म्हणून डॉक्टर सुरुवातीला जास्त देऊन नंतर हळूहळू डोस कमी करतात. चेहरा सुजला म्हणून घरच्या घरी गोळी एकदम बंद करणं मात्र धोक्याचं आहे. शरीराला बाहेरच्या स्टिरॉइडची सवय झालेली असते, एकदम तोडलं तर मूल कोसळू शकतं आणि लिव्हरची सूजही उसळते. उपचार काही वर्षं चालतो, काहींना आयुष्यभर थोडी मात्रा लागते. मधल्या काळात ठरलेल्या वेळी रक्त तपासावं लागतं. मूल बरं दिसतंय म्हणून फेरी चुकवली, की आजार परतल्याचं उशिरा कळतं.

या गोळ्या चालू असताना गोवर-रुबेलासारखी जिवंत विषाणूची लस देण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आशाताईंना आणि नर्सबाईंनाही गोळ्या चालू असल्याचं सांगावं. मूल कांजिण्या झालेल्या मुलाच्या सहवासात आलं तर लगेच डॉक्टरांना कळवावं.

मुलगी असेल तर घरात वेगळीच काळजी असते. लग्नाच्या वेळी बोलतील म्हणून आजार लपवतात, गोळ्या लपून द्यायला लागतात आणि मग चुकतात. आजार आटोक्यात असलेल्या मुली शिकतात, नोकरी करतात, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईसुद्धा होतात. लपवण्यात नुकसान तिचंच होतं.

लिव्हर पूर्ण निकामी झालं तर प्रत्यारोपणाचाच मार्ग उरतो. त्यात आई किंवा वडील आपल्या लिव्हरचा भाग देऊ शकतात, आणि उरलेलं लिव्हर पुन्हा वाढतं. पण ते मोठं ऑपरेशन आहे, खर्चही मोठा आहे. गोळ्यांवर भागत असताना तिथपर्यंत वेळ येऊ देऊ नये.

पोटाची तक्रार आणि गहू

आतड्यावर होणारा असाच एक आजार म्हणजे सिलियॅक. यात गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रोटीनमुळे मुलाचं शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं आणि खाल्लेलं अंगाला लागत नाही. वारंवार जुलाब, फुगलेलं पोट, न वाढणारी उंची, लोहाच्या गोळ्या देऊनही न वाढणारं रक्त, ही त्याची लक्षणं. काही मुलांत यानेच एसजीपीटी वाढलेलं असतं आणि गहू बंद केल्यावर ते खाली येतं. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांत हा आजार जास्त सापडतो.

गव्हाचा संबंध हॉलंडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुलं सुधारली. पाव पुन्हा मिळायला लागल्यावर ती परत आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला.

आपल्या भागात तांदूळ आणि नाचणी हेच मूळ अन्न असल्यामुळे पथ्य पाळणं तसं सोपं आहे. तांदळाची भाकरी, नाचणी, वरी, ज्वारी, बाजरी चालते. चपाती, पाव, बिस्कीट, टोस्ट, खारी, रवा, मैदा, शेवया चालत नाहीत. दोन ठिकाणी चूक होते. गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर त्याच जात्यातून नाचणीत गव्हाचं पीठ येतं. आणि बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मात्र तपासणीच्या आधीच गहू बंद करू नका. टीटीजी ही रक्ततपासणी मूल गहू खात असतानाच खरी उतरते.

मुलाच्या संडासमधून महिनाभर रक्त-चिकट पडत असेल, ताप आणि वजन कमी होणं असेल, तर प्रत्येक वेळी जंताचं औषध देऊन थांबू नये. आतड्याचा टीबी आणि आतड्याला सूज आणणारे ऑटोइम्यून आजार दोन्ही असे दिसतात, आणि दोघांचे उपचार अगदी वेगळे आहेत. आतड्याला अशी सूज असलेल्या काही मुलांच्या लिव्हरमधल्या पित्ताच्या नळ्याही खराब होतात, म्हणून त्यांचं लिव्हरही तपासतात.

आधीपासून आजार असलेल्या मुलांसाठी

- संधिवात असलेल्या मुलाला मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज दिली तर जीवावर बेतू शकतं. वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. एलएफटी चुकवू नका.
- सांधेदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी देऊ नका. पोटात जळजळ, काळी संडास झाली तर कळवा.
- संधिवाताच्या मुलाला न उतरणारा ताप, अंगावर रक्ताचे ठिपके, वाढलेलं लिव्हर आणि सुस्ती असेल तर एक दिवसही थांबू नका.
- पायांवर आणि ढुंगणावर जांभळे ठिपके, सांधे सुजलेले आणि पोटात जोराची कळ, असं एकत्र दिसलं तर ती रक्तवाहिन्यांची सूज असू शकते. सर्दी-घशानंतर लहान मुलांत हे होतं. त्यात आतड्यातून रक्त जाऊ शकतं, आतडं आतड्यात अडकू शकतं.
- ल्युपस असलेल्या मुलीचं पोटदुखीचं दुखणं गॅस म्हणून सोडून देऊ नका.

कुठे जायचं, खर्चाचं काय

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयातून करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कामोठ्यात एमजीएम मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. मुलांच्या लिव्हरच्या तज्ज्ञांकडे पाठवलं तर मुंबईत परळला केईएम आणि १९२९ पासून सुरू असलेलं मुलांचं वाडिया रुग्णालय शेजारीच आहेत. पनवेलहून हार्बर लोकलने कुर्ल्याला उतरून मध्य रेल्वेने परळला जाता येतं. चिठ्ठी आणि आधीचे सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून न्या, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

भरती व्हावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने ती पहिल्या टप्प्यात ज्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून कोणता उपचार बसतो ते विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासायला येतं. २०१३ मध्ये हा कार्यक्रम देशात सुरू झाला तो पालघरमधूनच. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. कावीळ होऊन गेली असेल, उंची-वजन वाढत नसेल, तर ते स्वतःहून सांगा.

या वेळी १०८ ला फोन करा

कावीळ असलेलं मूल दिवसा झोपून राहतंय आणि रात्री जागतंय, बरळतंय, ओळख विसरतंय. रक्ताची उलटी झाली. संडास डांबरासारखी काळी झाली. पोट एकदम फुगलं आणि ताप आला. नाकातून येणारं रक्त थांबत नाही. यातलं काहीही दिसलं तर लिव्हर हात टेकतंय असं समजा आणि रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

गळ्यात माळ घालायचीच असेल तर घाला, पण त्याच दिवशी मुलाचं रक्तही तपासायला द्या. महिन्याने पुन्हा एकदा तपासा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा.

(ही माहिती जागृतीसाठी आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.)